मिरचीची पूड पोत्यात पडतानाच चटका देते, रंगही काळवंडतोय. काय चुकतंय?

पथारीची लेक, नंदुरबार

राम राम मंडळी.

नंदुरबारजवळच्या गावात माझं मिरची-मसाला कांडप आहे, यंदा तिसरं वर्ष. १० एचपीची मोटर, हातोड्यांचा पल्व्हरायझर, ब्लोअरने पूड वर सायक्लोनमध्ये (पूड आणि हवा वेगळी करणाऱ्या पत्र्याच्या शंकूत) जाते, खालून पोत्यात पडते आणि हवा वरच्या कापडी पिशवीतून निघून जाते. खरा धंदा मार्च ते मे. बाकी वर्षभर हळद, धणे असं थोडंथोडं.

लग्नाआधी मी आणि आई पथारीवर देठ खुडायला जायचो. ओली लाल मिरची बाजारातून आली की उघड्या रानात पसरायची, उलटीपालटी करायची, आभाळ आलं की सगळ्यांनी पळत जाऊन गोळा करायची. संध्याकाळी हात इतके जळायचे की आई गूळ-पाणी करून पाजायची, पण मला हात पाण्यात घालू द्यायची नाही. आधी तेल लाव म्हणायची. त्यामुळे चांगली मिरची कशी असते ते मला डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून कळतं. म्हणूनच या हंगामात जे होतंय ते जिवाला लागलंय.

पूड फार तापते. पोत्यात हात घातला तर धरवत नाही. स्वयंपाकघरातला काट्याचा तापमापक खुपसला तर दुपारी दोनला ८२ अंश दाखवले. रंग लाल न येता विटकरीकडे झुकतोय आणि वास भाजल्यासारखा. मागच्या आठवड्यात सासूबाईंनी चिमूटभर तळहातावर घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "हाई मिरची जळनी वं पोरी." त्या रात्री मला झोप लागली नाही. लोक वर्षभराची मिरची माझ्या भरवशावर देऊन जातात. एका मावशीने १२ किलो फापडा जातीची मिरची दिली होती, तिला तिची पूड परत देताना मी मान वर केली नाही.

मिरची बदललेली नाही, व्यापारी तोच. मशीनमध्येही काही बदल नाही. मग हे काय होतंय? जाणकारांनी सांगावं.

मसाला पॅकिंग, अमळनेर

ताई, मे महिन्यात असं होतंच. दळण्याआधी मिरचीवर हलकं पाणी शिंपडा, पूड उडत नाही आणि थंड राहते. वजनही टिकतं. आणि रंगासाठी शेवटी थोडं तेल चोळा. खाद्यतेल २ टक्क्यांपर्यंत चालतं, फक्त पाकिटावर लिहावं लागतं.

गोटा-डाळ, जळगाव

पाण्याचा सल्ला कृपा करून ऐकू नका. मिरची पुडीत ओलावा ११ टक्क्यांच्या आत असावा लागतो. पाणी मारून दळलं तर जाळी लिंपते, पूड गोळे धरते आणि पावसाळ्यात त्याच पोत्यात बुरशी. बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही आणि फोडणीतही मरत नाही. दळणाऱ्याकडे लोक विश्वासाने माल देतात, त्यात पाणी घालून वजन टिकवायचं नसतं. तेलाचं म्हणाल तर नियमात बसत असेलही, पण जळून गेलेला रंग तेलाने परत येत नाही, नुसती चमक येते.

मी तिघा भावांच्या डाळमिलमध्ये वाढलो, मिरची माझा विषय नाही. पण एक गोष्ट आमच्याकडची सांगतो, तुम्हाला लागू पडेल असं वाटतं. तूर एका फेरीत सोलायला कोणी जात नाही. आधी एमरीच्या, म्हणजे खरबरीत दगडी रोलरवर नुसता ओरखडा, मग तेल, मग उन्हात वाळवण, मग पाणी, परत ऊन, परत रोलर. प्रत्येक फेरीनंतर टरफल वाऱ्याने उडवून काढायचं आणि जो गोटा, म्हणजे अख्खा दाणा, सोलून झाला तो बाजूला. सोललेला गोटा चुकून परत रोलरवर गेला की त्याची डाळ होत नाही, चुनी म्हणजे चुरा होतो. चुनी गुरांच्या पेंडीच्या भावाने जाते. माझे वडील मिलमध्ये आले की डाळीकडे बघायचे नाहीत, सरळ चुनीच्या पोत्यात हात घालायचे. मिल कशी चाललीय ते तिथे कळतं.

मिरची नीट वाळलेली आहे ना, एवढं आधी बघा.

पथारीची लेक, नंदुरबार

दादा, धन्यवाद. वाळलेली आहे. मधोमध वाकवली की कट्कन तुटते आणि हलवली की बी खुळखुळतं. पाणी मी मारणार नव्हतेच. आईने मला तेवढं शिकवलंय.

निवृत्त मिलवाला, भुसावळ

ताई, मी दीपनगरच्या औष्णिक केंद्रात कोळसा दळणाऱ्या मिलवर नोकरी काढली, आता घरी असतो. मिरची आणि कोळसा वेगळे, पण दळणं दळणंच. उत्तर देण्याआधी चार गोष्टी विचारतो, अंदाजाने सांगून तुमचा हंगाम घालवायचा नाही.

मोटरचा ॲम्पिअर मीटर काय दाखवतो? तासाला किती किलो निघते, आणि मागच्या वर्षी किती निघायची? जाळी कोणत्या भोकाची? आणि चौथं नीट आठवून सांगा: हवेच्या वाटेत काही बदललं का? सायक्लोन, पाइप, ब्लोअर, पिशवी, खोलीची खिडकी, काहीही. "मशीनमध्ये बदल नाही" असं माणूस म्हणतो तेव्हा त्याच्या मनात फक्त लोखंड असतं. हवा कोणी धरत नाही.

पथारीची लेक, नंदुरबार

काका, मीटर १४ ते १५ च्या मधे असतो, पूर्वी ११-१२ असायचा. तासाला ६० किलो कशीबशी निघते. मागच्या वर्षी शंभरला टेकायची. जाळी अर्ध्या मिलिमीटरची, तीच.

आणि हो, पिशवी. तुम्ही विचारलं म्हणून आठवलं. शेजारच्या घरात लहान बाळ आहे, त्याला ठसका लागायचा, ते लोक दोनदा येऊन गेले. त्यांचं बरोबरच होतं. म्हणून फेब्रुवारीत मी जुन्या मांजरपाटाच्या पिशवीवर जाड कॅनव्हासची दुसरी पिशवी शिवून चढवली. उडणं बरंच कमी झालं. याचा संबंध असेल का? पिशवी तर अगदी शेवटी आहे.

निवृत्त मिलवाला, भुसावळ

ताई, बाळासाठी केलंत ते योग्यच केलंत, मनाला लावून घेऊ नका. पण दुखणं तिथेच आहे. जरा लांब लिहितो, घाई असेल तर रात्री वाचा.

पहिलं, उष्णता येते कुठून. दाणा फोडला की त्याला नवा पृष्ठभाग मिळतो. रिटिंगर नावाच्या ऑस्ट्रियन अभियंत्याने १८६७ साली मांडलं की दळायला लागणारी शक्ती त्या नव्या पृष्ठभागाच्या प्रमाणात असते. एक सेंटिमीटरचा घन घ्या, त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे एक-एक मिलिमीटरचे तुकडे केले तर पृष्ठभाग ६० होतो. वजन तेच, पृष्ठभाग दहापट. म्हणून भरड काढायला फारसं काही लागत नाही आणि बारीक करायला मोटर रडते. आणि प्रत्यक्षात यंत्राला दिलेल्या शक्तीतला फारच थोडा भाग, शंभरात एखाद-दोन, त्या नव्या पृष्ठभागात जातो. बाकी जवळजवळ सगळी उष्णता होते.

आता तुमचा हिशेब. १० एचपी म्हणजे साधारण साडेसात किलोवॅट, म्हणजे तासाला ६,४०० किलोकॅलरी. मीटर १४-१५ वर आहे म्हणजे मोटर पूर्ण भाराने चाललीय. मागच्या वर्षी मोटर पूर्ण भाराने चालली असती तरी ही उष्णता १०० किलोत वाटली गेली असती, किलोला ६४. आता ती ६० किलोत वाटली जाते, किलोला १०७. एक लिटर पाणी ३० अंशांपासून उकळायला ७० लागतात. आणि मिरची तापायला पाण्याच्या निम्मीच उष्णता पुरते. म्हणजे ही उष्णता कोणी बाहेर नेली नाही तर तुमची मिरची जाळीतून पडायच्या आत कोळसा झाली असती. ती नेते हवा. दुसरं कोणी नाही.

ढोबळ सांगायचं तर तासाला ५०० घनमीटर हवा यंत्रातून जात असेल तर एवढ्या उष्णतेने ती ४५ अंशांनी तापते. नंदुरबारची मेमधली दुपार ४२-४३ ची धरा. थोडी उष्णता लोखंडातून बाहेर जाते, थोडी मिरचीतला ओलावा वाफ होऊन नेतो. तरी तुमचे ८२ अंश कुठून आले ते दिसतंच.

पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे, आणि ती मला मिलवर पहिल्याच वर्षी माझ्या फोरमन साहेबांनी शिकवली. कोळशाच्या बाऊल मिलमध्ये फिरतं भांडं असतं, त्यावर रोलर दाबून बसलेले. खालून गरम हवा येते आणि बारीक झालेला कोळसा उचलून वर नेते. वर वर्गीकरण करणारा भाग असतो. जाड कण परत खाली, बारीक कण बॉयलरकडे. आम्हाला ७० टक्के कोळसा २०० मेशच्या जाळीतून जाईल इतका बारीक लागायचा, म्हणजे ७५ मायक्रॉन. मी नवीन होतो, मला वाटायचं की रोलर दळतो. साहेब म्हणाले, रोलर फोडतो, दळते हवा. तेव्हा कळलं नाही. मग एकदा हवा कमी पडली तेव्हा बघितलं: मिलमध्ये कोळसा साचला, मोटरचे ॲम्पिअर चढले, बाहेर येणारा माल कमी झाला आणि तापमान सरकू लागलं. रोलर तेच, कोळसा तोच. झालेला कोळसा बाहेर जात नव्हता, त्यालाच रोलर परत परत चेचत होते.

तुमच्या यंत्रात हेच चाललंय. पिशवीतून हवा निघेना, म्हणून ब्लोअर ओढेना, म्हणून पूड जाळीच्या आत घुटमळते. झालेल्या पुडीला हातोडे मारत राहतात. त्या माराने पूड फारशी बारीक होत नाही, फक्त तापते. तापली की बियांचं तेल सुटतं, तेलाने जाळीची भोकं लिंपतात, मग आणखी कमी बाहेर जातं. एक फेरा पूर्ण झाला. लाल रंग देणारं द्रव्य गाजरातल्या द्रव्याच्या जातीचं, उष्णता आणि हवा एकत्र मिळाली की विटतं. जळका वास तापलेल्या तेलाचा.

उपाय: कापड जाड करू नका, कापड वाढवा. साध्या कापडाला दर चौरस मीटरमागे मिनिटाला एक घनमीटर हवा, असं धरून चाला. तुमची पिशवी किती मोठी ते लिहिलं नाहीत, पण अशा यंत्रावर फूटभर रुंद, पाच फूट लांब असते, म्हणजे जेमतेम दीड चौरस मीटर. तासाला ५०० म्हणजे मिनिटाला आठ घनमीटर हवा, म्हणून तुम्हाला आठ हवेत. सायक्लोनच्या वर पत्र्याची पेटी करून घ्या आणि तिला फूटभर व्यासाच्या, सहा फुटी चार पिशव्या लावा. सात चौरस मीटर होतील, चालेल. मांजरपाटच घ्या, पण नवं मांजरपाट आधी गरम पाण्यात भिजवून खळ काढा, खळीने भोकं बुजलेली असतात. पूर्ण वाळवून मगच लावा. कापड वाढलं की त्यातून हवा सावकाश जाते, म्हणून बारीक पूडही कमी निसटते. बाळाला ठसका आजच्यापेक्षा कमी लागेल, जास्त नाही.

पिशव्या दर तासाला मशीन बंद करून झटका. बंद करून. चालू असताना नाही. आणि पिशव्यांच्या आसपास विडी-काडी कोणाला पेटवू देऊ नका. हवेत तरंगणारी बारीक पूड, मग ती कोळशाची असो, पिठाची असो की मिरचीची, ठिणगीला भेटली की भडकते. या एका बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही.

खडीवाला, धुळे

काकांच्या उत्तराला माझं शंभर टक्के अनुमोदन. आमच्या क्रशरवरही तेच. काळा पत्थर जॉ क्रशरमध्ये (जबड्यासारखा दगड चावणाऱ्या यंत्रात) जायच्या आधी आम्ही माती-कच जाळीवर काढून टाकतो आणि पुढच्या क्रशरला जाण्याआधी परत चाळतो. तयार खडी दुसऱ्या क्रशरमध्ये गेली की तिची डस्ट होते, वीज वाया जाते आणि लायनर, म्हणजे आतलं अस्तर, झिजतो. नवीन पोरं म्हणतात की चाळणी काढून टाकू, एक यंत्र कमी. मी त्यांना एक दिवस काढून दाखवतो. डस्टचा ढीग बघितला की परत विचारत नाहीत.

ताई, दोन गोष्टी माझ्याकडून. हातोड्यांच्या कडा बघा. फिरण्याच्या दिशेची कड गोल झाली की हातोडा मारत नाही, घासतो, आणि घासण्यात उष्णताच आहे. बहुतेक हातोडे उलटे करून लावता येतात, चार कोपरे वापरता येतात. पण समोरासमोरचे जोडीने वजन करून बदला, एक जरी हलका राहिला तर रोटर थरथरेल आणि बेअरिंग जाईल. दुसरं, मिरची टाकायच्या हॉपरमध्ये लोहचुंबक लावा. मिरचीच्या पोत्यात खिळा, तारेचा तुकडा, सुतळीत अडकलेली सुई, सगळं निघतं. आमच्या जॉ मध्ये एकदा पोकलेनचा दात आला होता, ती किंकाळी मी अजून विसरलो नाही. तुमच्याकडे साधा खिळा ठिणगीला पुरेसा आहे.

गोटा-डाळ, जळगाव

काका, दोन फेऱ्यांत दळलं तर? आधी मोठ्या भोकाची जाळी, मग बारीक. आमच्या सवयीने सुचतंय.

निवृत्त मिलवाला, भुसावळ

उत्तम. आधी ३ मिलिमीटरने भरड काढायची, पातळ पसरून थंड होऊ द्यायची, मग बारीक जाळी. आणि ताई, अर्ध्या मिलिमीटरची जाळी कशाला? कण जाळीवर तिरका येतो, म्हणून भोकापेक्षा पूड नेहमी बारीकच पडते. घरच्या तिखटाला ०.८ ची जाळी पुरेल. ज्यांना अगदी पावडर हवी त्यांच्यासाठी अर्ध्याची ठेवा. मोठे मसाला कारखाने उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन घालून शून्याच्या खूप खालच्या थंडीत दळतात, ते आपल्या आवाक्यातलं नाही. आपल्याकडे पहाट आहे. पाच वाजता हवा २७-२८ अंशांची असते, दुपारपेक्षा १५ अंश कमी, आणि तिला वीजबिल लागत नाही.

पथारीची लेक, नंदुरबार

मंडळी, दहा दिवसांनी लिहितेय.

त्याच दिवशी कॅनव्हास उसवला. फक्त तेवढ्याने मीटर १२ वर आला आणि पूड ६८ अंशांवर. शेजारच्या वहिनींना जाऊन सांगितलं की चार दिवस त्रास होईल, तोवर बाळाला घेऊन मागच्या खोलीत बसा. त्या समजून घेतात. मग शहाद्याहून पत्र्याची पेटी करून आणली. मांजरपाट सासूबाईंनी चुलीवरच्या हंड्यात उकळलं, पाणी दुधासारखं पांढरं निघालं, इतकी खळ होती. चार पिशव्या मी आणि नणंदेने शिवल्या, टीप दुहेरी घातली.

हातोड्यांच्या कडा खरंच गोल होत्या. बोट फिरवलं तर नदीतल्या गोट्यासारखी लागली. उलटे केले, सोनाराच्या काट्यावर जोड्या तोलल्या. एक हातोडा २० ग्रॅमने हलका निघाला, तो बदलला.

काल पहाटे साडेपाचला भरड काढली, चादरीवर पसरली, आठला ०.८ च्या जाळीतून बारीक केली. पोत्यात ४९ अंश. भरड धरून दोन्ही फेऱ्यांचा हिशेब केला तर तासाला ७० किलो. म्हणजे मागच्या वर्षीइतके अजून नाहीत. पण हात घातला, धरवला. सासूबाईंनी तळहातावर घेतली आणि काही न बोलता थोडी पुडीत बांधून देवापुढे ठेवली.

काका, एक विचारायचं राहिलं. भरड थंड करताना चादरीवर पसरते तेव्हा ती किती वेळ उघडी ठेवावी? उन्हाने रंग जाईल अशी भीती वाटते.

निवृत्त मिलवाला, भुसावळ

सावलीतच पसरा, बोटभर जाडीपेक्षा जास्त नको. हाताला गार लागली की लगेच उचला, अर्धा-पाऊण तास फार झाला. भरडीला अख्ख्या मिरचीपेक्षा कितीतरी जास्त पृष्ठभाग आहे, उजेड आणि हवा तिला तेवढ्याच जास्त लागतात. पंख्याखाली नको, शेजारचं बाळ आठवा.

आणि ७० किलोचं दुःख करू नका. भरड आठ-दहा दिवस काढून बघा, मोठ्या जाळीच्या फेरीत हॉपरचं झाकण आणखी थोडं उघडता येईल. मीटर १२ च्या वर जाऊ देऊ नका, बस्स.

पथारीची लेक, नंदुरबार

सावलीत, बोटभर, पाऊण तास. लिहून भिंतीला लावलं. त्या मावशींना निरोप पाठवला होता, त्यांची १२ किलो फापडा मी माझ्या पैशाने परत घेऊन दळून देणार आहे. मिरची आजच आली. उद्या पहाटे पहिली त्यांचीच लावते.